जसपाल भट्टी टीव्हीवर यायच्या आधी : चंदीगडचं इंजिनिअरिंग कॉलेज, नॉनसेन्स क्लब आणि आपली सोलापूरची पोरं

विजापूरवेस

मंडळी, जसपाल भट्टी आठवतात का? ज्यांच्या गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना होता त्यांना नक्की आठवणार. सकाळच्या कार्यक्रमात काही मिनिटं लागणारं 'उल्टा पुल्टा' आणि मग १९८९ चा 'फ्लॉप शो'. पगडी, दाढी, चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही, आवाज चढायचा नाही आणि तरी अख्खं घर हसून लोळायचं. त्यातही सरकारी नोकरीतला माणूस सगळ्यात जास्त हसायचा, त्याला प्रत्येक फाईल ओळखीची वाटायची.

पण मला बोलायचंय ते टीव्हीच्या आधीच्या भट्टींबद्दल. हा माणूस कुठं घडला, काय शिकला. कारण आमच्या घरात सध्या यावरून वाद पेटलाय. भाचा इथंच सोलापुरात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या स्किट आणि पथनाट्याच्या ग्रुपमधे आहे, गेल्या सेमला एक विषय राहिला आणि दाजींनी फर्मान काढलं, नाटक बंद. "फी इंजिनिअरिंगची भरलीय, नकला करायची नाही." ताई मधल्यामधे अडकलीय. मी भट्टींचं नाव काढलं तर दाजी म्हणाले तो टीव्हीवाला होता, त्याचा इंजिनिअरिंगशी काय संबंध.

संबंध असा की भट्टी स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. जन्म ३ मार्च १९५५, अमृतसर. डिग्री चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची. हे कॉलेज साधंसुधं नाही, १९२१ साली लाहोरजवळ मुघलपुऱ्यात सुरू झालेलं, फाळणीत उखडलं, काही वर्षं रूरकीत काढली आणि १९५३ ला चंदीगडात आलं. कल्पना चावला पण तिथल्याच, १९८२ च्या एरोनॉटिकलच्या. तर अशा कॉलेजात शिकताना भट्टींनी नॉनसेन्स क्लब नावाचा ग्रुप काढला आणि रस्त्यावर नाटकं करायला सुरुवात केली. विषय एकच, भ्रष्टाचार आणि सरकारी कारभार. डिग्री घेतल्यावर चंदीगडच्या 'द ट्रिब्यून' पेपरात व्यंगचित्रं काढली. टीव्ही त्याच्याही नंतर आला. म्हणजे आपण १९८९ ला जे बघितलं त्याची तयारी कॉलेजपासून चालू होती, आणि कुठल्याही अभिनयाच्या शाळेत नाही.

मला तर वाटतं चंदीगड हे गावसुद्धा त्यांच्या शिक्षणाचा भाग होतं. विचार करा, नवीन वसवलेलं शहर, १९६६ ला हरियाणा वेगळा झाला तेव्हापासून दोन राज्यांची राजधानी आणि वर स्वतः केंद्रशासित. एका गावात तीन सरकारांची हापिसं! तिथं शिकणाऱ्या पोराला कारकून, सेक्शन ऑफिसर, ठेकेदार, बदलीसाठी खेटे घालणारे, सत्काराला हपापलेले प्रमुख पाहुणे रोज दिसणार. 'फ्लॉप शो'चे विषय आठवा. खोटी मेडिकल बिलं, ठेकेदाराचं बांधकाम, बंद पडलेला टेलिफोन, पीएचडीच्या गाइडच्या घरची कामं करणारा विद्यार्थी. यातला एक तरी विषय स्टुडिओत बसून सुचेल का? हे सगळं रांगेत उभं राहून शिकलेलं आहे.

इंजिनिअरिंगनं त्यांना काय दिलं हे तर मला अगदी स्पष्ट दिसतं. भट्टींच्या विनोदात कुणी वेड्यासारखं वागत नाही. प्रत्येक जण नियमानं वागतो. एक चुकीचा नियम घ्यायचा आणि तो न डगमगता शेवटपर्यंत लावत न्यायचा, एकेक पायरी गणितासारखी, मधे कुठंही उडी नाही, आणि शेवटी जे उत्तर येतं ते बघून आपण हसतो आणि आतून हलतो. ही सवय ज्याने डेरिव्हेशन लिहिलीत त्याचीच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की कॉलेजातलं नाटक हा टाइमपास नाही, ते दुसरं शिक्षण आहे आणि पहिल्या शिक्षणाला ते मारत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि पथनाट्य, स्किट केलेले जुने लोक इथं असतील तर लिहा प्लीज, दाजींना वाचायला देणार आहे.

कडक_भाकरी

एक नंबर धागा. आमच्याकडं फ्लॉप शो लागला की वाड्यातली सगळी पोरं एका घरात. शेवटी गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन असायचं ते दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणायचो. फक्त १० भाग होते हे नंतर कळलं, मला लहानपणी वाटायचं वर्षभर चालू होतं.

सातरस्ता

वेस भाऊ, लेख आवडला पण दाजींची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. एक भट्टी झाला म्हणून सगळी पोरं भट्टी होत नाहीत. मी स्वतः प्लेसमेंटचं काम जवळून बघतो. सोलापुरात आधीच कंपन्या कमी, पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात, आणि तिथं बॅकलॉग असला की पहिल्या चाळणीतच नाव उडतं. आईबापांनी लूम चालवून, काही जणांनी तर बिड्या वळून पोराला इंजिनिअरिंगला घातलेलं असतं, त्यांना जाऊन दुसरं शिक्षण वगैरे सांगणं सोपं नाही. आणि तुम्हीच लिहिलंय की भट्टींनी डिग्री पूर्ण केली. मग भाच्याला आधी तो विषय काढू दे की.

विजापूरवेस

सातरस्ता, विषय काढायलाच पाहिजे, यात वादच नाही. पण नाटक बंद केलं की विषय निघतो हे कुणी सांगितलं? तो ग्रुप बंद झाल्यापासून पोरगं खोलीत मोबाईल घेऊन पडून असतं. आधी निदान तालमीला वेळेवर पोचायचं म्हणून सबमिशन आधी उरकायचा.

हत्तरसंग_कुडल

मी पथनाट्य केलंय, बरीच वर्षं, म्हणून अधिकारानं लिहितो. लोकांना वाटतं पथनाट्य म्हणजे चार पोरं काळे कुर्ते घालून ओरडतात. अवो, ती सगळ्यात कडक शाळा आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो, खुर्चीत रुतलेला असतो, पहिली दहा मिनिटं कंटाळा आला तरी उठत नाही. रस्त्यावर माणूस पिशवी हातात घेऊन उभा असतो. त्याचा एक पाय निघायच्याच तयारीत असतो. तुम्ही हलगी वाजवून त्याला थांबवलं, पण पहिल्या मिनिटात काही मिळालं नाही तर तो गेला, आणि तो गेला की त्याच्या मागचे दोघं पण जातात, गोलाला भोक पडतं.

पार्क चौकात करताना एका बाजूला चौपाटीच्या गाड्यांचा आवाज, दुसरीकडून रिक्षा, माईक नाही. गोलात उभं राहिलं की कायम कुणाकडं तरी पाठ असते म्हणून प्रत्येक वाक्याला फिरावं लागतं आणि महत्त्वाचं वाक्य दोन दिशांना दोनदा टाकावं लागतं, पण दुसऱ्या वेळी ते जुनं वाटता कामा नये. आणि आपल्या गावची अजून एक गंमत. अशोक चौकाकडं, पूर्व भागात नाटक केलं की समोर निम्मे लोक घरात तेलगू बोलणारे, काही कन्नड, बिडी कारखान्यातून सुटलेल्या बायका, लूमवरून आलेले कामगार. तिथं लांबलचक मराठी डायलॉग चालत नाहीत. छोटी वाक्यं, अंगाने सांगायचं आणि वस्तू दाखवायची. एकदा आम्ही पाण्यावर केलं होतं, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तर एक पोरगं नुसता रिकामा हंडा घेऊन नळाला ओवाळत होतं, नारळ काय, हळदकुंकू काय, अगदी मनापासून पूजा चालली होती. एक शब्द नाही. एक म्हातारी पुढं आली आणि तिनंच तेलगूत त्या नळाला शिव्या घातल्या. सगळा चौक हसला आणि मग आपसात बोलायला लागला, पाणी कधी येतं, टँकर कुणाकडं जातो. तिथं नाटक आपल्या हातातनं जातं आणि लोकांचं होतं. हे कुठल्या वर्गात शिकवतात?

भट्टींचा तो न हलणारा चेहरा मला वाटतं रस्त्यावरच तयार झालेला असणार. तुम्ही हसलात की लोक म्हणतात पोरं मजा करतायत. तुम्ही गंभीर राहिलात की लोक हसतात आणि विचार पण करतात.

अक्का_जुळे_सोलापूर

हत्तरसंग, वाचताना अंगावर काटा आला. अशोक चौकातल्या बायका मी रोज बघते.

पण मला एक खंत सांगायचीय. माझी मुलगी एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती, नाव घेत नाही. गॅदरिंगला पोरांनी स्किट बसवलं होतं, कॉलेजच्याच कारभारावर, लॅबमधली बंद उपकरणं, फक्त तपासणीच्या दिवशी चालू होणारा कूलर असं काय काय. कुणाचं नाव नाही, एक घाणेरडा शब्द नाही. आदल्या दिवशी स्क्रिप्ट मागवलं आणि निम्म्याहून जास्त कापलं, वर म्हणाले 'संस्कृतीला धरून काहीतरी करा'. पोरांनी मग एका सिनेमातल्या नकला केल्या आणि टाळ्या मिळाल्या. मुलगी घरी येऊन रडली. तिला टाळ्यांचंच दुःख झालं होतं.

त्या पंजाबच्या कॉलेजात तेव्हा पोरांना असं करू दिलं असेल तर त्या शिक्षकांचं पण कौतुक केलं पाहिजे. आणि काळ बघा ना, ५५ चा जन्म म्हणजे वीस वर्षाचे होते तेव्हा आणीबाणी लागली. त्या पिढीने हे सगळं कोवळ्या वयात बघितलंय.

विजापूरवेस

अक्का, तुमच्या मुलीला सांगा तिचं बरोबर होतं. आणि आणीबाणीचं तुम्ही बोललात ते महत्त्वाचं आहे, १९७५ ते ७७ हा काळ आणि त्यांचं कॉलेजचं वय एकच. नाव न घेता, आवाज न चढवता बोलायची जी त्यांची पद्धत आहे ती तेव्हाच्या तरुणांना फार लवकर कळली असेल असं मला वाटतं.

इलेक्ट्रिकल_पास

धाग्यात एक मोठी भर घालतो. मिस्टर बीन सगळ्यांना माहीत आहे. रोवन ॲटकिन्सन. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९५५, म्हणजे भट्टींच्या फक्त दोन महिने आधी, आणि शिक्षण? इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग! न्यूकॅसल युनिव्हर्सिटीतून डिग्री आणि पुढं ऑक्सफर्डला क्वीन्स कॉलेजात त्याच विषयात एमएससी. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, बोलताना अडखळायचा. ऑक्सफर्डला गेल्यावर विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळात शिरला, तिथं रिचर्ड कर्टिस नावाचा लेखक मित्र मिळाला, १९७६ ला एडिंबराच्या महोत्सवात सादरीकरण केलं आणि १९७९ ला बीबीसीवर 'नॉट द नाईन ओक्लॉक न्यूज' हा बातम्यांची खिल्ली उडवणारा कार्यक्रम. बीन तर नंतर, १ जानेवारी १९९० ला पहिल्यांदा लागला.

म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच विषयाचे दोन इंजिनिअर, एक डरहॅमकडचा आणि एक अमृतसरचा, दोघंही कॉलेजातल्या विद्यार्थी ग्रुपमधूनच या वाटेला लागले. मी तीस वर्षं विजेच्या कामात आहे आणि मला हा योगायोग वाटत नाही. आमच्या कामात सर्किटमधे फॉल्ट शोधायचा म्हणजे सगळं नीट चाललंय असं धरून एकेक पॉइंटला मीटर लावत जायचं. कुठं करंट जातोय, कुठं गळतोय. बीन बघा, साधं सँडविच करायचं काम, तो पूर्ण तर्कशुद्ध मार्गाने करतो, फक्त सुरुवात चुकीच्या जागेवरून. वेस यांनी डेरिव्हेशनचं लिहिलंय ते शंभर टक्के पटलं.

फरक आहे तो पण सांगितला पाहिजे. ॲटकिन्सन पुढं शब्दच टाकून नुसत्या शरीराच्या विनोदाकडं गेले, म्हणून जगभर पोचले. भट्टी आपल्याच माणसांच्या कटकटीत राहिले. बिल, फोन, रस्ता, वीज. मला भट्टी जास्त जवळचे.

सातरस्ता

माहिती भारी आहे काका. पण दोघांनीही डिग्री पूर्ण केली हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

कडक_भाकरी

सातरस्ता, मग आपल्या गावचंच उदाहरण घ्या की. अतुल कुलकर्णी. शाळा हरिभाई देवकरण. इंजिनिअरिंगला गेले होते, ते सोडून आले, सोलापुरात नाट्य आराधना संस्थेत काम केलं आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, १९९५ ला तिथून बाहेर पडले. पुढं दोन राष्ट्रीय पुरस्कार. डिग्री सोडली म्हणून काय बिघडलं?

सातरस्ता

ते नट आहेत, तीन वर्षं नाट्य विद्यालयात घासलेत, तो पूर्ण वेळचा मार्ग आहे. वेस भाऊंचा प्रश्न वेगळा आहे. भाच्याला नट व्हायचंय का? व्हायचं असेल तर सरळ तसं सांगावं घरात आणि त्या परीक्षेची तयारी करावी. नसेल तर नाटकाला किती वेळ द्यायचा ते ठरवावं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून तिसऱ्या वर्षाला विषय राहतो आणि मग बापाला दोष. माझा नाटकाला विरोध नाही भाऊ, माझ्या डोळ्यासमोर अशी पोरं आहेत ज्यांचं हे पण झालं नाही आणि ते पण झालं नाही, आता तीस वर्षाचे आहेत आणि कुणी विचारत नाही. त्यांच्यावर धागा कुणी काढत नाही.

विजापूरवेस

सातरस्ता, हा प्रतिसाद मी दाजींना आणि भाच्याला दोघांना दाखवणार. तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते टोचलं पाहिजेच. पण मला भट्टींचं उदाहरण यासाठीच महत्त्वाचं वाटतं की त्यांनी नॉनसेन्स क्लब काढला तो टीव्हीवर जायला नाही. तेव्हा त्यांच्यापुढं टीव्हीचं करिअर असं काही नव्हतंच. विषय दिसत होते, राग येत होता, मित्र होते, रस्ता होता. भाच्याला पण नट व्हायचं नाही, मी विचारलंय. त्याला बोलायचंय.

भटका_चंदीगड

मूळचा अक्कलकोट रोडचा, नोकरीमुळं बरीच वर्षं चंदीगड-मोहालीत आहे. धागा बघून राहवलं नाही.

इथं सेक्टर १७ चा मोठा चौक आहे, गाड्या नाहीत, नुसती चालणारी माणसं, कारंजी, दुकानं, संध्याकाळी सगळं गाव तिथं. इथल्या जुन्या लोकांना भट्टी म्हटलं की टीव्हीच्या आधी रस्त्यावरचे भट्टी आठवतात. आणि महत्त्वाचं म्हणजे नॉनसेन्स क्लब त्यांनी कॉलेजाबरोबर सोडला नाही. इतकं नाव झाल्यावर, पन्नाशी ओलांडल्यावर पण त्याच क्लबच्या नावानं रस्त्यावर यायचे. निवडणुका आल्या की पक्ष काढायचे, नव्वदच्या दशकात हवाला पार्टी, २००९ च्या मंदीत रिसेशन पार्टी.

त्याच २००९ सालात महागाई भडकली होती, डाळी, भाज्या, तेल. तेव्हा त्यांनी चंदीगडात जत्रा भरवली. आपल्या गड्ड्यावर, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, होम मैदानात रिंग टाकायचा खेळ असतो ना, लाकडी कडी फेकायची आणि साबण, ग्लास, पावडरचा डबा ज्यावर पडेल तो आपला, अगदी तसा. फक्त मांडलं काय होतं तर डाळ, भाजी आणि तेल. ज्याची रिंग बसेल त्याला डाळ मिळणार. बघा आता यात भाषण कुठं आहे? घोषणा कुठं आहे? खेळ सगळ्यांना माहीत, नियम सगळ्यांना माहीत, बक्षीस बदललं आणि सगळं बोलून झालं. खेळणाऱ्यालाच कळतं की आपण डाळीसाठी नेम धरतोय.

सबंध आयुष्यात त्यांचा विनोद याच जातीचा राहिला. मोहालीत त्यांनी मॅड आर्ट्स नावाची फिल्म स्कूल पण काढली होती, म्हणजे स्वतः कुठल्या शाळेत शिकले नाहीत पण पुढच्या पोरांसाठी शाळा केली.

अक्का_जुळे_सोलापूर

गड्ड्याचं वाचून डोळ्यासमोरच आलं. ही कल्पना जानेवारीत आपल्याकडं कुणी केली तर किती चांगलं होईल.

पंढरीची_लेक

मी एक वेगळं म्हणते. आपण चंदीगड आणि ऑक्सफर्डपर्यंत गेलो पण आपल्याच जिल्ह्यात हे सगळं कधीपासून आहे. आषाढीला पंढरपुरात या, वाळवंटात भारूड बघा. एक माणूस नऊवारी नेसून, कपाळाला मळवट भरून उभा राहतो आणि समोरच्या हजार माणसांना त्यांचा लोभ, ढोंग, दारू, सुनेचा छळ सगळं तोंडावर सांगतो, हसवत हसवत, आणि लोक रागवत नाहीत कारण तो आधी स्वतःकडं बोट दाखवतो. एकनाथांनी हे चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. माझे वडील भारूडकरी होते, दिवसा शेती, रात्री भारूड. शाळा चौथी. ते म्हणायचे समोरची म्हातारी हसली तर पुढचं कडवं घे, नाही हसली तर मागचंच परत घे.

तुमच्या भाच्याला म्हणावं पथनाट्य करतोयस तर एकदा भारूड बघ. फ्लॉप शोमधे शेवटी गाणं का यायचं हे तिथं कळेल. गाणं माणूस घरी घेऊन जातो.

हत्तरसंग_कुडल

ताई, दंडवत. आम्ही पाण्याच्या नाटकाला शेवटी भारुडाची चाल लावली होती आणि पोरं दुसऱ्या दिवशी गल्लीत तेच म्हणत होती. तुमच्या वडिलांचं वाक्य ग्रुपच्या पोरांना सांगणार.

इलेक्ट्रिकल_पास

व्यंगचित्राचा काळ मात्र कुणी धरला नाही, त्यावर दोन ओळी. ट्रिब्यून हा १८८१ ला लाहोरात सुरू झालेला पेपर, तो पण फाळणीनंतर फिरत फिरत चंदीगडात आला. अशा पेपरात चौकोन काढायचा म्हणजे एका चित्रात, एका ओळीत सगळं सांगायचं, उरलेलं खोडून टाकायचं. 'उल्टा पुल्टा' काही मिनिटांचंच असायचं आणि त्यात एक शब्द फालतू नसायचा. मला वाटतं ती काटछाट तिथून आली. आत्ताची पोरं वीस मिनिटाचं स्किट लिहितात आणि त्यात मुद्दा चौदाव्या मिनिटाला येतो.

आणि शेवटपर्यंत वीज त्यांना सुटली नाही बघा. शेवटचा सिनेमा 'पॉवर कट', पंजाबी, विजेच्या टंचाईवर, मुलगा जसराज त्यात होता. त्याच्याच प्रचारासाठी फिरताना २५ ऑक्टोबर २०१२ ला पहाटे शाहकोटजवळ अपघातात गेले. सिनेमा दुसऱ्या दिवशी लागायचा होता. वय ५७. पद्मभूषण २०१३ ला, मरणोत्तर. मला फार वाईट वाटलं होतं. आमच्या खात्यातल्या माणसाने आमच्याबद्दल खरं बोललेलं मला कायम आवडत आलंय.

कडक_भाकरी

फ्लॉप शो घरच्याच लोकांनी उभा केला होता हे पण लिहा ना कुणीतरी. निर्मिती पत्नी सविता भट्टींची, त्या कामही करायच्या, आणि विवेक शौक जोडीला. बजेट एकदम कमी. प्रत्येक भाग कुणाला तरी अर्पण केलेला असायचा, म्हणजे ज्या लोकांवर भाग आहे त्यांनाच. कॉलेजच्या ग्रुपसारखंच वाटायचं बघताना, जे मिळेल त्यात करायचं.

विजापूरवेस

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काल रात्री दाजींना वाचायला दिला. सातरस्ता यांचे प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचले आणि इलेक्ट्रिकल काकांचा ॲटकिन्सनवाला तिसऱ्यांदा मोठ्यानं. नाटक चालू ठेवायला ते तयार झालेत, अट अशी की राहिलेला विषय याच परीक्षेत निघाला पाहिजे आणि तालमी आठवड्यातून दोनच दिवस. भाच्याला मान्य आहे. मला पण ही अट रास्त वाटते.

आता पुढचं. भटका भाऊंनी लिहिलेली रिंगची कल्पना पोरांनी उचललीय. गड्ड्याच्या आधी त्यांना ती रस्त्यावर करून बघायचीय, बक्षीस म्हणून डाळ नाही तर पाण्याचे भरलेले हंडे मांडायचे म्हणतायत. परवानगी कुणाकडं आणि कशी काढायची हे त्यांना माहीत नाही.

हत्तरसंग_कुडल

परवानगीचं माझ्यावर सोडा, अर्जाचा जुना नमुना आहे माझ्याकडं. फक्त हंडे भरून आणू नका, गर्दीत सांडले की चिखल होतो आणि लोक पांगतात. एक भरलेला मधोमध ठेवा, बाकी रिकामे, आणि भरलेल्याच्या तोंडापेक्षा रिंग लहान करा, म्हणजे ती कधीच बसणार नाही. पोरांना म्हणावं तोंडावर हसू आणायचं नाही.

पंढरीची_लेक

शेवटचं कडवं मी लिहून देते. रविवारपर्यंत व्यनि (वैयक्तिक निरोप) करते.

सातरस्ता

परीक्षा कधी आहे त्याची? त्या आठवड्यात ठेवू नका. आणि तो राहिलेला विषय कुठला ते कळवा, माझ्या ओळखीत एक सर आहेत, संध्याकाळी शिकवतात, पैसे घेत नाहीत.